तुमचा न्यूट्रल तुटला की माझा गल्ला भरतो
(वीज वितरण कंपनीच्या कार्यकारी अभियंत्यांना खुलं पत्र)

मा. कार्यकारी अभियंता साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षं मी आपल्याच विभागातल्या एका बाजारपेठेच्या गावात टीव्ही, फ्रीज, मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. धंद्याच्या हिशेबानं बघायचं तर हे पत्र लिहिणं म्हणजे माझ्या पोटावर मीच पाय देणं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बाजारतळावरच्या डीपीचा, म्हणजे गल्ल्यांना वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल (वीज परत जाण्याची सामाईक तार) तुटला, आणि पुढच्या तीन आठवड्यांत माझ्या वहीत ३८ हजारांचं काम नोंदलं गेलं. निम्मं उधारीवर आहे, ते सोडा. पण असा हंगाम मला नको. का नको ते सांगण्यासाठी, आणि आपल्या कार्यालयाकडून आलेल्या उत्तराला जाहीर उत्तर देण्यासाठी लिहितोय.

आम्ही तेवीस घरांनी मिळून नुकसानभरपाईचा अर्ज दिला होता. उत्तर आलं ते तीन ओळींचं. न्यूट्रल तुटणं ही आकस्मिक घटना आहे, सबब भरपाई देय नाही, आणि ग्राहकांनी आपल्या उपकरणांना स्टॅबिलायझर व सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्यावेत. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. साहेब, यातला ‘आकस्मिक’ हा शब्द मला पटलेला नाही. आणि स्टॅबिलायझरचा सल्ला तर मी रोज शेकडा दहा टक्के मार्जिन घेऊन देतो, तो मला तुमच्याकडून नको होता.

त्या संध्याकाळचं आधी सांगतो, कारण आपल्या कार्यालयातलं त्या वेळी कुणी इथं नव्हतं.

लग्नसराई होती. मंगल कार्यालयात हळद, बाहेर उकाडा, घरोघरी कूलर. सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या बाकावरचा बल्ब एकदम पांढराफटक झाला आणि वरचा पंखा आवाज बदलून गरगरायला लागला. हा आवाज आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही कळतो. मल्टिमीटर हाताशीच होता, सॉकेटमध्ये घातला तर ३५२ व्होल्ट. मेन पाडला आणि गल्लीत ‘मेन पाडा, मेन पाडा’ ओरडत सुटलो. लोकांना वाटलं कुठंतरी आग लागली. तोवर तीन घरांतून फट् असा आवाज येऊन गेला होता. समोरच्या ओळीत, जिथं दुसरी फेज जाते, तिथं पंखे जेमतेम हलत होते. तिथं मीटर लावला तर ९४. मागच्या आळीत ३०७. एकाच डीपीवर, एकाच वेळी, शंभर पावलांच्या आत.

हे कसं होतं ते आपल्याला मी काय सांगावं, पण हे पत्र गावही वाचणार आहे. आपल्याकडून येणाऱ्या तीन फेजांमध्ये आपापसात ४०० व्होल्ट असतात. घरात २३० मिळतात ते एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये. जुन्या लोकांना खळ्यावरची मळणी आठवत असेल. मध्ये तिवडा रोवलेला, त्याला बैल बांधलेले, आणि सगळे त्याच्याभोवती ठरल्या अंतरावर फिरतात. न्यूट्रल हा तो तिवडा. तो उपटला की बैल मोकळे, आणि ज्याचा जोर जास्त तो तिवडा आपल्याकडे ओढत नेतो. ज्या फेजवर मंगल कार्यालय, रसवंती, पिठाची चक्की असं ओझं जास्त, तिथं व्होल्टेज पार तळाला जातं. ज्या फेजवर दोन बल्ब आणि एक टीव्ही, तिथं ते वर चढतं, चढत चढत चारशेच्या दिशेनं. म्हणजे ज्यानं वीज जपून वापरली त्याचाच टीव्ही जळतो. आणि न्यूट्रलच्या वायरमध्येच त्या वेळी दीडशेच्या आसपास व्होल्ट येऊन बसलेले असतात.

हे शेवटचं वाक्य विसरू नका, त्याकडं परत येतो.

आता माझ्या बाकावरचं. टीव्हीच्या सप्लायमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, अंगठ्याएवढा. त्याच्या अंगावर छापलेलं असतं ‘४०० व्होल्ट’. लोक म्हणतात, मग ३५२ ला कसा फुटला? तर घरातलं एसी आत जाऊन डीसी झालं की आकडा साधारण १.४ पट होतो. २३० चे ३२५ होतात, म्हणून ४०० चा कपॅसिटर पुरतो. ३५२ चे होतात जवळपास ५००. त्याचं डोकं फुगतं, फुटतं आणि आतला चिकट द्रव सर्किटच्या सगळ्या प्लेटवर उडतो. वास एकदा नाकात बसला की जेवण जात नाही. त्या आठवड्यात असे अकरा टीव्ही माझ्याकडं आले. त्यांतल्या चारांत व्हीडीआरची निळी गोळी (व्होल्टेज फार वाढलं की तो मार स्वतःवर घेणारा भाग) बसवलेली होती. ती स्वतः जळली, सोबत फ्यूज घेऊन गेली आणि बाकीचा संच वाचला. उरलेल्या सातांना कंपनीनं ती गोळीच दिलेली नव्हती. हे पाप तुमचं नाही, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

९४ व्होल्टवाल्यांना आधी वाटलं आपण वाचलो. वाचले नाहीत. कोपऱ्यावरच्या काकूंची घरघंटी आहे, नवरा गेल्यापासून दळणावरच घर चालतं. दळता दळता पाळं थांबलं, मोटर नुसती हूं करत राहिली. काकूंना वाटलं दाणे अडकले. त्यांनी बटण चालूच ठेवलं आणि लाकडी पळीनं वरचे गहू खाली ढकलत बसल्या. मी पोचलो तेव्हा त्या विचारतात, ‘भाऊ, पीठ जळालं का रे?’ म्हटलं, काकू, पीठ नव्हे, वायंडिंग. कमी व्होल्टेजला मोटर फिरत नाही, पण करंट भरमसाट ओढते. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचंही तेच. असे दोन फ्रीज त्या ओळीत गेले, आणि त्यांतल्या एकात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. काकूंची घरघंटी आठ दिवस बंद होती. त्या आठ दिवसांचं दळण दुसऱ्या चक्कीवर गेलं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सगळं परत येत नाही हे मला कुणी शिकवायला नको.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. हे आकस्मिक नव्हतं. माझं दुकान त्या डीपीच्या समोर आहे. फेब्रुवारीपासून संध्याकाळी लोड वाढला की न्यूट्रलच्या जोडाशी ठिणगी दिसायची. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या बोल्टाला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) न लावता नुसती पिळून आवळलेली. दोन वेगळ्या धातूंचा जोड असा उघड्यावर ठेवला की तो गंजतो, गंजला की तापतो, तापला की ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी १९१२ या विजेच्या हेल्पलाइनवर दोनदा तक्रार नोंदवली, फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा. दोन्ही वेळा चोवीस तासांच्या आत मोबाइलवर मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. शिडी लावलेली मी काही पाहिली नाही, आणि मी दिवसभर तोंड त्याच बाजूला करून बसतो. दोन्ही तक्रारींचे क्रमांक अर्जाला जोडले होते. आपल्या उत्तरात त्यांचा उल्लेखही नाही. दोन महिने आधी तक्रार नोंदवून सांगितलेली गोष्ट आकस्मिक कशी होते, एवढं एक कळवा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे. आमच्या डीपीची एक पट्टी गुडघाभर उंचीवर कापलेली आहे. तांब्याची होती, भंगारात गेली, त्याला दोन पावसाळे झाले. दुसरी जमिनीत जाते, पण तिच्या खड्ड्यावर आता रसवंतीवाल्याचं पिंप आहे. निदान त्यामुळे माती ओली राहते, असं आमचा लाइनमन गमतीनं म्हणतो.

लाइनमनबद्दलही बोलायला हवं, कारण गाव सगळा राग त्याच्यावर काढतं. तो पोरगा कंत्राटी आहे, त्याच्याकडे किती वाड्या आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. त्या रात्री तो पावणेदहाला आला, अंधारात वर चढला, हातात बॅटरी धरायला मीच होतो. त्याच्याकडं पक्कड होती, टेस्टर होता आणि खिशात बाइंडिंगची तार. मीटर नव्हता. त्यानं तार पिळून बांधली, खाली आला, एका घरात टेस्टर लावला, दिवा लागला, म्हणाला आली लाइट. साहेब, टेस्टरचा दिवा ९४ लाही पेटतो आणि ३५२ लाही पेटतो. मी माझा मीटर लावून तिन्ही फेजा तपासल्या तेव्हा त्याला धीर आला आणि मला पण. ज्या माणसाला तुम्ही चारशे व्होल्टवर चढवता, त्याला पाचशे रुपयांचा मीटर का मिळत नाही?

तिसरी तक्रार त्या रात्रीनंतरची. कुणी पंचनामा केला नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी कार्यालयात आलो तर सांगितलं, बिल घेऊन या. बिलं कुणाकडं असतात? दहा वर्षांपूर्वी लग्नात आलेल्या फ्रीजचं बिल कोण ठेवतं? मग सांगितलं, दुरुस्तीवाल्याचं पत्र आणा. मी तेवीस पत्रं लिहून दिली, प्रत्येकात काय जळालं, कसं जळालं, कुठला भाग बदलला. आपल्या उत्तरात त्यांचाही उल्लेख नाही. वस्तू बनवणाऱ्या कंपन्या व्होल्टेजनं झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. त्या म्हणतात वीजवाल्यांकडं जा, तुम्ही म्हणता स्टॅबिलायझर घ्या. मधल्या मध्ये माणूस माझ्या उधारीच्या वहीत येतो.

तर त्या सल्ल्याकडे येऊ. दुकानात ‘सर्ज प्रोटेक्टर’ म्हणून जे बोर्ड मिळतात त्यांच्या पोटात तीच निळी गोळी असते. लांबवर वीज पडून तारेतून क्षणभर उसळी आली, किंवा गेलेली लाइट येताना झटका बसला, तर ती उसळी गोळी पिऊन टाकते. तेवढंच तिचं काम, सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या हिशेबातलं. न्यूट्रल तुटल्यावर अडीच तास साडेतीनशे व्होल्ट चालू राहतात, ते ती पिऊ शकत नाही, ती तापून जळते. त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या एका घरात टीव्ही वाचला, पण बोर्डाचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलं. पडदा हातभर दूर होता म्हणून पेटला नाही. स्टॅबिलायझर चांगला असेल तर एका मर्यादेपर्यंत सांभाळतो, त्यापुढं कटऑफ करतो. पण घरातल्या प्रत्येक वस्तूला स्टॅबिलायझर कोण लावणार? राउटरला, चार्जरला, गॅस गीझरशेजारच्या बल्बला?

गावाला मी जे सांगतो ते इथंही लिहून ठेवतो. एकदाच खर्च करायचा असेल तर मेन बोर्डावर व्होल्टेज वर-खाली झाल्यावर पूर्ण घराची लाइन तोडणारं यंत्र बसवा. ते २७० च्या आसपास गेलं की तोडतं, खाली फार घसरलं तरी तोडतं, आणि सगळं ठीक झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडतं. ते थांबणं फ्रीजसाठी महत्त्वाचं. बल्ब एकदम प्रखर झाला किंवा मलूल झाला तर एकेक बटण बंद करत फिरू नका, थेट मेन पाडा. ढग गडगडायला लागले की टीव्हीचा प्लग काढा आणि डिशची किंवा इंटरनेटची वायरही काढा, कारण वीज तिकडूनही येते. पडणारी वीज शेजारच्या झाडावर पडली तर वरचं कुठलंच यंत्र भरवशाचं नाही, प्लग काढलेला असणं हाच उपाय. एवढं आमचं काम, ते आम्ही करू. पण घराच्या मीटरपर्यंत २३० च्या जवळपासच वीज आणून देणं हे तुमचं काम, त्याचेच पैसे दर महिन्याला भरतो, एक दिवस उशीर झाला तर दंडासकट.

आता त्या दीडशे व्होल्टची गोष्ट. आमच्याकडच्या निम्म्या जुन्या घरांना अर्थिंग नाही. वायरमननं काय केलंय, तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थिंगच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिलाय. रोजच्या दिवशी काही कळत नाही. न्यूट्रल तुटला की तेच दीडशे व्होल्ट फ्रीजच्या दांड्यावर, कूलरच्या पत्र्यावर, पाण्याच्या मोटरवर येतात. त्या संध्याकाळी एका घरातली सहा वर्षांची मुलगी कूलरला चिकटली होती. तिच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि तिची आजी मेन पाडायला धावली, म्हणून मी आज टीव्हीबद्दल पत्र लिहितोय. तिचा अर्जात उल्लेख आम्ही मुद्दाम केला नाही, आई-वडील नको म्हणाले. पण जिथं वीज घरात शिरते तिथं ग्राहकाला वापरता येईल असं अर्थिंगचं टर्मिनल देणं हे पुरवठादाराचं काम आहे, हे त्याच सुरक्षा नियमांत लिहिलेलं आहे. आमच्या गावात असं टर्मिनल एकाही मीटरपाशी मी पाहिलेलं नाही.

मागण्या अशा आहेत.

बाजारतळावरच्या डीपीचा न्यूट्रल योग्य मापाचा बायमेटल लग (एक बाजू ॲल्युमिनियमची, दुसरी तांब्याची) लावून, नट-बोल्टानं आवळून पक्का करा. दोन्ही अर्थिंग नव्यानं करा, मोजा, आणि मोजलेला आकडा तारखेसह खांबावर रंगानं लिहा. आमच्या पाण्याच्या टाकीवर ग्रामपंचायत धुतल्याची तारीख लिहिते, तुम्हालाही जमेल. विभागातल्या बाकी डीपींचं हेच काम दर वर्षी मृगाच्या आत व्हावं.

मंगल कार्यालय, रसवंती आणि चक्की एकाच फेजवर टाकलेली आहेत, ती तीन फेजांत वाटा.

प्रत्येक लाइनमनला मीटर द्या. न्यूट्रलचा बिघाड काढल्यावर तिन्ही फेजांचं व्होल्टेज मोजून नोंदवहीत लिहिल्याशिवाय डीपीचा स्विच वर जाऊ नये.

असा बिघाड झाला की चोवीस तासांच्या आत ग्राहकांसमक्ष पंचनामा व्हावा आणि त्याची प्रत प्रत्येकाला मिळावी. बिल नसेल तर वस्तू बघून नोंद घ्या.

तक्रार मिटल्याचा मेसेज तक्रार करणाऱ्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

आणि आमच्या तेवीस घरांच्या अर्जावर, फेब्रुवारी-मार्चच्या दोन तक्रारी समोर ठेवून, पुन्हा निर्णय द्या. कारणं लिहून द्या. एकूण रक्कम १ लाख ६४ हजार आहे, त्यात काकूंच्या आठ दिवसांचं दळण धरलेलं नाही.

आम्ही मोर्चा काढणार नाही, कार्यालयाला कुलूप लावणार नाही, बिल भरणंही थांबवणार नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे, कलम ५७ मध्ये सेवेचे मानदंड आणि भरपाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वीजपुरवठा ही सेवा धरलेली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर, तक्रारीला फी लागत नाही. हे सगळं मला गेल्या महिन्यात वाचावं लागलं, एरवी मी सर्किटचे नकाशे वाचतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मंचाकडं जाऊ. वही, जळालेले कपॅसिटर आणि वितळलेला बोर्ड मी पिशवीत बांधून ठेवलेत.

एक शेवटचं. त्या रात्री बाइंडिंग तारेनं पिळलेला जोड आज हे पत्र लिहिताना तसाच आहे. काल साडेसातला पुन्हा ठिणगी दिसली, तिसरी तक्रार नोंदवली आहे. वळीव एकदा येऊन गेला, मृग तोंडावर आहे. माणूस पाठवणार असाल तर शनिवार सोडून पाठवा, शनिवारी बाजार असतो आणि डीपीच्या खाली भाजीवाल्या बसतात. शिडी नसली तरी चालेल, माझ्या दुकानात आहे.

आपला,
बाजारतळावरच्या डीपीसमोरचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक,
आणि आपला नियमित बिल भरणारा ग्राहक